नाइन इंच नेल्सची द डाऊनवर्ड स्पायरल: क्लोजरसाठी घ्या, पण सुरुवात पाच नंबरवरून करू नका

रेटिंग आधीच सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांची सोय, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येतंयच. वस्तू म्हणजे नाइन इंच नेल्सच्या द डाऊनवर्ड स्पायरल या १९९४ च्या अल्बमची सीडी, १४ गाणी, साधारण ६५ मिनिटं. सांगली-मिरजेत इंग्लिश सीडी ठेवणारं दुकान मला तरी आता माहीत नाही, जी होती त्यांनी कधीच मोबाईल कव्हर विकायला घेतलीत, त्यामुळे ऑनलाइन सेकंडहँड मागवली. विकणाऱ्याने पॅकिंगच्या नावाखाली पेपरचा बोळा कोंबला होता, केसचं झाकण निखळलेलंच आलं, पण डिस्कवर ओरखडा नाही आणि पुस्तिका शाबूत, त्यामुळे भांडत बसलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नाइन इंच नेल्स म्हणजे तेव्हा बँड नव्हताच, ट्रेंट रेझनर नावाचा एकटा माणूस. गाणी तो लिहिणार, कॉम्प्युटरवर आवाज तो कापणार-जोडणार, स्टेजवर जायची वेळ आली की वाजवणारे गोळा करणार. पुढे याच माणसाला सिनेमाच्या संगीतासाठी दोन ऑस्कर मिळाली, पण सर्वसामान्य माणूस अजून त्याला ओळखतो ते या अल्बममधल्या पाचव्या गाण्यामुळे, क्लोजरमुळे. आणि क्लोजर म्हणजे काय, तर ‘ते घाण गाणं’. आमच्या जिममध्ये लेग डेला हमखास लागतंय, पोरं कोरसला दात विचकून एकमेकांकडे बघतात आणि स्क्वॉट मारतात. ती ओळ इथे लिहीत नाही, आमच्या घरची माणसं पण हे वाचतात. रेडिओवर त्यातला तो शब्द उडवून वाजवायचे, क्लबात लोक बरोबर तोच शब्द ओरडायला टपून बसायचे, आणि एवढ्या बोंबाबोंबीत बाकीचं गाणं कुणी ऐकलंच नाही.

ते बाकीचं ऐका की एकदा. पहिल्या कडव्यात तो माणूस समोरच्या व्यक्तीने आपल्याला काय काय करू दिलं त्याची यादी वाचतोय, आणि ती सगळी यादी विटाळण्याची आहे, लाडाचा एक शब्द नाही. मग म्हणतो मदत कर, मी आतून मोडलोय, विकायला आत्मासुद्धा उरला नाही, मला माझ्यापासनं लांब ने. जिच्याशी बोलतोय तिला नाव नाही, चेहरा नाही, ती काय बोलते ते आपल्याला कळतच नाही, कारण त्याला तिच्यात इंटरेस्टच नाहीये, त्याला फक्त स्वतःच्या डोक्यातून तासभर बाहेर पडायचंय आणि त्यासाठी ती हाताशी आहे. स्वतःचा किळस आलेल्या माणसाचं गाणं आहे हे. सेक्स त्यात आहे, पण गोळीसारखा, गुण येतोय की नाही बघायला घेतलेला. आणि येत नाही.

आता हे यूट्यूबवर सुटं ऐकून नीट लागत नाही, म्हणून मी सीडी घ्या म्हणतोय. अल्बम एक सलग गोष्ट आहे, एक माणूस पायरी पायरीने खाली जातो ती. पहिलं गाणं मारहाणीच्या आवाजाने सुरू होतंय. तिसऱ्यात, हेरसीमध्ये, हाच माणूस घसा फाडून सांगतो की देव मेला आणि कुणाला त्याचं काही नाही. आणि दोनच गाण्यांनंतर क्लोजरच्या कोरसमध्ये तोच म्हणतो की तुझ्यामुळे मी देवाच्या जवळ जातोय! सुटं ऐकलं की ही ओळ म्हणजे बेडवरची फुशारकी वाटते, ओळीने ऐकलं की लक्षात येतं, ज्या देवाला हा आत्ताच गाडून आला त्याच्या जवळ जायची भाषा करतोय. तिथे माझ्या अंगावर काटा आला. पुढे बाराव्या गाण्यात, रेप्टाइलमध्ये, तोच देहाचा विषय परत येतो आणि तेव्हा नुसती शिसारी उरलेली असते.

शेवटाकडे लक्ष द्या. क्लोजरमध्ये गाणं म्हणायचं संपल्यावर बराच वेळ नुसतं वाजत राहतं, एकावर एक थर चढतात, सिंथ, गिटार, कुजबुज, स्पीकर भरून जातो, आणि मग सगळं कापून एकटा पियानो उरतो, खाली घसरत जाणारी चाल. जिममध्ये तिथवर कुणी ठेवतच नाही, पुढचं गाणं लावतात. तीच चाल तेराव्या गाण्यात परत येते, ज्याचं नाव अल्बमला दिलंय आणि ज्यात तो माणूस स्वतःला संपवतो. म्हणजे पाचव्या गाण्यात, सगळे नाचत असताना, शेवट सांगून टाकलेला आहे.

पार्श्वभूमी पण सांगतो, कारण वादाचा अर्धा भाग तिथला आहे. रेझनरने लॉस एंजेलिसमध्ये १००५० सिएलो ड्राइव्ह हे घर भाड्याने घेऊन तिथे स्टुडिओ उभा केला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने अभिनेत्री शॅरन टेट आणि आणखी चौघांना मारलं ते हेच घर. टेट तेव्हा गरोदर होती. मारेकऱ्यांनी दारावर रक्ताने ‘पिग’ लिहिलं होतं, आणि साहेबांनी स्टुडिओचं नाव ठेवलं ‘ल पिग’. मला हे आजही पटत नाही, कितीही मोठा कलाकार असू दे. नंतर टेटच्या बहिणीने त्याला समोरासमोर विचारलं की माझ्या बहिणीच्या मरणाचा तू धंदा करतोयस काय, तेव्हा तो हादरला, असं त्याने स्वतः पुढे मुलाखतीत सांगितलं. १९९३ च्या शेवटी त्याने घर सोडलं, पुढच्या वर्षी ते पाडलं, पण जाताना ते दार मात्र उचलून न्यू ऑर्लीन्सच्या स्टुडिओला बसवलं. हादरला पण दार सोडलं नाही, असा माणूस. काय बोलायचं.

क्लोजरच्या व्हिडिओवरून झालं ते वेगळंच. मार्क रोमानेक या दिग्दर्शकाने केलेला, जुन्या काळच्या प्रयोगशाळेसारखा सेट, गरगर फिरणारं डुकराचं मुंडकं, क्रूसावर बांधलेलं माकड, खुर्चीला जोडलेलं धडधडणारं हृदय. एमटीव्हीने कापून कापून दाखवला, आणि कापलेल्या जागी ‘दृश्य गहाळ’ अशा पाट्या टाकल्या, त्यामुळे तर बघणाऱ्याचं डोकं आणखी घाणीकडे जायचं. आता तोच व्हिडिओ न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

आवाजाचं सांगायचं तर क्लोजरचा तो ठोका, ज्याच्यावर सगळं उभं आहे, तो इगी पॉपच्या १९७७ च्या नाइटक्लबिंग गाण्यातल्या ड्रम मशीनचा तुकडा घेऊन, मोडतोड करून बनवलाय. सुरुवातीला तो एकटाच असतो, कोरडा, कानाशी. साध्या मोबाईलच्या स्पीकरवर तो टपटप एवढाच येतो, चांगल्या हेडफोनवर त्यातली हवा ऐकू येते. आणि आधीचं चौथं गाणं, मार्च ऑफ द पिग्ज, त्यावर तर तबलेवाल्या मित्रांनी ताल धरून दाखवावा, सात-सात मात्रांची तीन आवर्तनं आणि चौथं आठाचं. रूपक धरून बसलात की चौथ्याला पाय घसरलाच.

मिरजेतला एक किस्सा इथे बसतोय. माझ्या मित्राचे वडील सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचं काम करतात (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचा त्यांना भयंकर अभिमान). मित्राकडे चांगला जुना डेक आहे म्हणून सीडी तिथेच पहिल्यांदा लावली. काका घोडी घासत बसले होते, कानस हातात, मधेच तार छेडायची, दोरा केसभर सरकवायचा, परत छेडायची. आम्हाला वाटलं आता शिव्या पडणार. क्लोजरचा शेवटचा थरांचा भाग आला तसे काका थांबले आणि म्हणाले, “हे खालचं गुरगुरतंय न्हवं, ती जवारी मुद्दाम खुली ठेवलीया बघ.” मी गारच पडलो. कारण बरोबर होतं ते. डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल एवढा चढवायचा की त्याची टोकं कापली जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे स्वर त्यातून फुटतात, आणि काका घोडीचा उतार कानसने घासून तार जराशी घासटत ठेवतात, तीच जवारी, ती पण वरचे स्वर फुटावेत म्हणूनच. एक जण देवाच्या खोलीत ऐकायचं वाद्य करतोय, दुसरा नरकाचं, पण कान तोच लागतोय.

मग काकांनी अर्थ विचारला. मी सोवळ्यात गुंडाळून सांगितला, की काका, माणसाला स्वतःची घाण वाटते आणि तो दुसऱ्याच्या अंगाआड लपायला बघतो. काका म्हणाले, “मग नाचायला कशाला केलंय एवढं?”

हा प्रश्न मला आजवर वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा भारी वाटला, आणि माझ्या मते गाण्याची खरी मेख तिथेच आहे. ठेका जर रडका ठेवला असता तर ऐकणारा बाहेर उभा राहून त्या माणसाला ‘बिचारा’ म्हणाला असता. ठेका डिस्कोचा ठेवला, त्यामुळे आपली मान हलते, पाय हलतो, आणि तो माणूस काय सांगतोय इकडे आपलं लक्ष जात नाही, आपल्याला फक्त मजा पाहिजे असते. म्हणजे तो तिला जसा वापरतो तसंच आपण गाण्याला वापरतो. जिममधली पोरं, क्लबातली गर्दी, सगळे त्यातच आले, मी धरून.

आता तो अर्धा मार्क. नऊ नंबरचं बिग मॅन विथ अ गन, दीड मिनिटाचं. बंदूक आणि मर्दानगीवर माज करणाऱ्यांची टिंगल करायचीय त्याला, कळतंय, पण टिंगल इतकी बटबटीत की माज आणि टिंगल यात फरक करायला जागाच ठेवली नाही. १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी शिक्षणमंत्री विल्यम बेनेट आणि कार्यकर्त्या सी. डेलोरेस टकर यांनी टाइम वॉर्नर कंपनीच्या मागे लागून घाणेरड्या गाण्यांविरुद्ध जी मोहीम काढली त्यात हेच गाणं पुढे केलं होतं, आणि त्याच वर्षी टाइम वॉर्नरने हा अल्बम काढणाऱ्या इंटरस्कोप लेबलमधला आपला हिस्सा विकून हात झटकले. क्लोजरवर झालेला वाद न ऐकता झालेला, ह्याच्यावरच्या वादाला गाण्याने स्वतः हातभार लावलाय. मी ते स्किप करतो. त्याच्यानंतर लगेच अ वॉर्म प्लेस येतं, शब्दच नाहीत, तिथे सीडीचे पैसे वसूल.

शेवटचं हर्ट. अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये गायलेलं ऐकून बरेच जण ते त्याचंच समजतात, मूळ हे आहे. त्या व्हर्जनचा व्हिडिओ पण रोमानेकचाच. कॅशच्या तोंडी ते म्हाताऱ्या माणसाचं होतं, इथे तिशीच्या आतल्या पोराचं आहे आणि तेराव्या गाण्यानंतर येतं, त्यामुळे हा बोलतोय तो जिवंत राहिलाय की नाही हेच कळत नाही. आणि एक सांगतो, खरंच मन ठिकाणावर नसेल, नको नको ते विचार येत असतील तर ही सीडी सध्या राहू द्या, आधी कुणाशी तरी बोला.

पुस्तिका बघण्यासारखी आहे. कव्हरचं चित्र रसेल मिल्सचं, प्लास्टर, गंजका पत्रा, किडे, पतंग, मेण, दवाखान्यातलं बँडेज आणि थोडं रक्त, तेही बहुतेक त्याचं स्वतःचंच, हे सगळं लाकडी फळीवर चिकटवून केलेलं. स्ट्रीमिंगवर नखाएवढ्या चौकोनात तपकिरी डाग दिसतो, हातात धरून उजेडात तिरकं केलं की गंजाचे पापुद्रे कळतात.

खरेदीचं म्हणाल तर सेकंडहँड हजाराच्या आतबाहेर मिळाली तर घ्या, त्यावर जाऊ नका. २००४ ची डिलक्स आवृत्ती पण आहे, जास्तीची डिस्क आणि ५.१ सराउंड मिक्सवाली, पण ते मिक्स ऐकायला तसा प्लेअर लागतो, साध्या डेकला ही साधी सीडीच बरी. मागवताना डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागून घ्या, आणि पॅकिंग कसं करणार ते लेखी विचारा. केस मोडली तर तीस-चाळीस रुपयात दुसरी मिळते, आतला दात मोडला की डिस्क सुटून घासते, ते बघा.