'वाइल्ड वाइल्ड कंट्री' की 'गोइंग क्लिअर'?

धर्मपंथांवरचे माहितीपट किती निष्पक्ष असतात, यावर अभ्यासगटात चर्चा ठेवायची आहे. यांतला कोणता दाखवू, असं मैत्रिणीने विचारलं.

बोलतं कोण, हे मी आधी बघते. ओशो रजनीशांच्या अमेरिकेतल्या रजनीशपुरम या वसाहतीवरच्या 'वाइल्ड वाइल्ड कंट्री'त (२०१८) रजनीशांची सचिव मा आनंद शीला, संन्यासी वकील, शेजारच्या अँटिलोपचे गावकरी, सरकारी वकील सगळेच बोलतात. पण शीलाच्या ठसक्यापुढे १९८४मध्ये तिच्याच माणसांनी घडवलेली ७५१ जणांची विषबाधा फिकी पडते, आणि ते मला खटकतं. सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथावरच्या 'गोइंग क्लिअर'मध्ये (२०१५) बोलतात ते मुख्यतः पंथ सोडलेले; प्रमुखांनी मुलाखत नाकारली.

वेळ? सहा भाग विरुद्ध दोन तास.

मांडणीतला कल ओळखायला शिकवायचं असेल तर पहिला दाखव. बाहेर पडलेल्यांची साक्ष ऐकवायची असेल, तर दुसरा.