मालगुंडचं केशवसुत स्मारक: वाचणाऱ्या मायलेकींनी जावंच

गणपतीपुळ्याला येणारे बहुतेक जण दर्शन, बीच, मोदक करून परत फिरतात आणि अगदी जवळ असलेलं मालगुंड राहूनच जातं. केशवसुतांचा जन्म इथला, १८६६ चा. त्यांचं जन्मघर छान जपलंय आणि शेजारच्या बागेत त्यांच्या कविता दगडांवर कोरून लावल्यात. स्मारकाचं उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झालं, हे आईनेच मला ऐकवलं, गाईड लागतोय कशाला!

आमचं दोघींचं पुस्तकांवरून कायम चालू असतं, तिला कविता, मला कादंबऱ्या, एकमेकींना जबरदस्तीने वाचायला लावायचं आणि मग नाही आवडलं की भांडायचं. इथे मात्र ती 'तुतारी'पाशी थांबली आणि दगडाकडे न बघता म्हणत सुटली, शाळेत पाठ केलेली, मी बोट ठेवून चेक करतेय तर एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग मला म्हणते, "तुझ्या त्या जाडजूड कादंबरीतलं एक वाक्य म्हणून दाखव." आता काय बोलणार!

आतलं आधुनिक मराठी कवींचं दालन पण बघा, घाई करू नका. लहान मुलं कंटाळतील बहुतेक. दुपारचं ऊन टाळा, सकाळीच जा. जेवण मात्र बघून निवडा, वाटेत एका ठिकाणी सोलकढी म्हणून नुसतं गुलाबी पाणी दिलं, आई अजून चिडलेली आहे.