गाण्याचं पाकीट: एक वर्ष वापरून

सेलूत माझं रेडिओ-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. नव्वदच्या दशकात मी कॅसेटही भरून द्यायचो. गिऱ्हाईक यादी घेऊन यायचं, मी सी-60, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट, पुढं करायचो. सी-90 मागितली तर नको म्हणायचो. तिची टेप पातळ, गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळत बसा. त्यामुळं पोस्टानं गाण्यांची देवाणघेवाण करायची योजना भाच्यानं दाखवली तेव्हा 300 रुपये लगेच भरले. वर्षात चार पाकिटं आपल्याला येतात, चार आपण भरून पाठवायची.

चालवणाऱ्यांनी खरं डोकं फॉर्मवर लावलंय. त्यात प्रश्न तीनच: कशावर ऐकता, कधी ऐकता, काय अजिबात नको. ज्यांना पाठवायचं त्यांची उत्तरं आपल्याला कार्डावर येतात. माझ्या पहिल्या कार्डावर होतं: "पेनड्राइव्ह. रात्रपाळीत, दोन ते चार. रडकी गाणी नकोत." लातूरच्या नर्सबाई होत्या.

आता यांना काय भरणार? झोप तर उडाली पाहिजे, पण वॉर्डातला पेशंट उठता कामा नये. ढोलकी बाद. उरुसातल्या कव्वाल्या माझ्या जिवाभावाच्या, पण टाळ्या चढल्या की आवरत नाहीत, त्याही बाद. चार दिवस लोकांचे मिक्सर तसेच पडून. बायको म्हणाली, "एवढं कोणासाठी गाणे भरायलाव?" शेवटी नाथांची भारुडं घेतली, हळू चालीची. नवव्या नंबरला आईच्या जात्यावरच्या ओव्या टाकल्या, 1994 साली मीच टेप केलेल्या. मागं जात्याची घरघर, मध्येच आमचा कोंबडा.

मर्यादा 60 मिनिटांची. ही मला फार आवडली. पेनड्राइव्हमध्ये हजार गाणी मावतात म्हणून हजार भरणाऱ्यानं एकही निवडलेलं नसतं. एक सांगतो, स्वस्तातले बरेच स्पीकर फाईलचं नाव बघत नाहीत, ज्या क्रमानं कॉपी केल्या त्याच क्रमानं वाजवतात. म्हणून एकेक गाणं क्रमानंच टाका. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठंच नाही, असायला पाहिजे होती.

पाकिटात उत्तरासाठी 50 पैशांचं कोरं पोस्टकार्डही असतं. बाईंचं उत्तर आलं: "दादा, कोंबडा आरवला तेव्हा उजाडलं म्हणून खिडकीकडं बघितलं. तीन वाजले होते."

आता तक्रारी. मला आलेली पहिली सीडी पातळ लिफाफ्यात होती, आत पुठ्ठा नाही. कडेला तडा गेलेला. दुसऱ्या वेळी पुठ्ठा घातला, तर वजन वाढलं आणि तिकीट मात्र जुनंच. साध्या टपालाला पहिल्या 20 ग्रॅमला 5 रुपये, पुढच्या दर 20 ग्रॅमला आणखी 5. पाकीट 34 ग्रॅमचं, वर तिकीट पाचाचं. आलं ना नॉटपेड! कमी पडलेल्याच्या दुप्पट, म्हणजे 10 रुपये पोस्टमनला मोजले. पैशाचं काही नाही, पण ज्यांचा धंदाच पाकिटं पाठवायचा त्यांच्याकडं वजनकाटा नसावा?

गाण्यांची यादी हातानं लिहायची हा नियम चांगला, पण कागद गुळगुळीत दिलाय. शाई पसरते. तिसऱ्या पाकिटातली अर्धी यादी मला लागलीच नाही. त्यातलं पाचवं गाणं कुणाचं, हे अजून शोधतोय. चौथं पाकीट एका कॉलेजच्या पोराचं होतं. त्यातलं मला काही झेपलं नाही, पण माझ्या कार्डावर मी "काय नको" ही जागा रिकामी सोडली होती, तेव्हा बोलायची सोय नाही.

पुढच्या वर्षाचे पैसे भरलेत. माझी पाकिटं मी शेजारच्या सराफाच्या काट्यावर तोलूनच टाकतो.