कॉइन ग्रेडिंग ११ महिने वापरून बघितलं: कुठे पैसे वसूल झाले, कुठे वाया गेले

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी इथल्या (न्यू जर्सीत राहतो) एका मोठ्या ग्रेडिंग कंपनीची मेंबरशिप घेतली, त्याला आता अकरा महिने होतील. तीन खेपांत मिळून १७ वेळा फी भरली, नाणी तशी १६ कारण एक दोनदा गेलं, ते पुढे सांगतो. एक नाणं अजून तिकडेच आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि एका माणसाच्या १६ नाण्यांवरून कंपनीला चांगलं-वाईट ठरवणं मला बरोबर वाटत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाणं पाठवायचं, ते लोक आधी खरं आहे का बघतात, मग १ ते ७० मधला नंबर देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत सील करून परत पाठवतात, त्याला स्लॅब म्हणतात. नंबरची पट्टी शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी काढली होती, आता सगळ्याच नाण्यांना लावतात. ६० आणि त्याच्या वर म्हणजे न वापरलेलं नाणं, त्याला एमएस म्हणतात. ५० ते ५८ म्हणजे एयू, किंचित झिजलेलं. या कामातल्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे पीसीजीएस आणि एनजीसी, पहिली १९८६ पासून हे काम करते, दुसरी १९८७ पासून. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा संबंध नसलेल्या तिसऱ्याने नाणं पारखायचं ही कल्पना मात्र आपल्याला नवीन नाही, आपल्याकडे हेच काम पोतदार करायचा आणि आडनाव अजून टिकून आहे.

खर्च आधी सांगून टाकतो कारण सगळे पहिलं तेच विचारतात. वेबसाइटवर दिसते ती फी खरी फी नसते. मेंबरशिप, हँडलिंग, विमा, जातानाचं टपाल, येतानाचं टपाल सगळं धरून मला नाण्यामागे साधारण ४५ डॉलर पडले. म्हणजे ग्रेड झाल्यावर नाण्याची किंमत ४५ डॉलरने तरी वाढली पाहिजे, नाहीतर आपण महागडी डबी विकत घेतली इतकंच.

पहिल्या खेपेत दहा नाणी होती आणि मी ती काहीही विचार न करता पाठवली, म्हणजे जी हातात आली ती. त्यात १९२१ चा मॉर्गन डॉलर (अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर) होता. हे नाणं त्या वर्षी एकट्या फिलाडेल्फियात चार कोटींच्या वर पाडलं, कुठल्याही दुकानात मिळतं. एमएस ६२ आला. काय उपयोग? चांदीच्या भावापेक्षा थोडं वर मिळेल, पण ४५ डॉलर त्यातून निघत नाहीत. अशी चार नाणी होती, सरळ १८० डॉलर गेले. कॉमन नाणं स्लॅब करू नका, अगदी चकचकीत असलं तरी.

त्याच खेपेत एक ट्रेड डॉलर होता. हे डॉलर अमेरिकेने १८७३ पासून खास चीन आणि पूर्वेकडच्या व्यापारासाठी काढले, वजन २७.२ ग्रॅम. मी तो एका बाजारातून घेतला होता, वजन केलं तर २७ च्या आसपास, लोहचुंबकाला चिकटत नाही, वाजवला तर आवाजही खणखणीत, मला शंभर टक्के खात्री होती. परत आला तो स्लॅबमध्ये नाही, साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, वर 'नॉट जेन्युइन'. फी परत मिळत नाही. त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, पैशांपेक्षा याचं की मी चार महिने ते नाणं मित्रांना अभिमानाने दाखवत होतो. मग त्याच कंपनीच्या साइटवर खऱ्या ट्रेड डॉलरचे मोठे फोटो काढून शेजारी ठेवले, भिंगाखाली दोन संध्याकाळी बसलो आणि दिसायला लागलं: अक्षरांच्या कडा वितळल्यासारख्या गोल, आणि सपाट जागेवर बारीक फोड. आता असं नाणं मी हातात घेतल्यावर अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवतो. ते ४५ डॉलर मला सगळ्यात जास्त वसूल झाले असं आज वाटतं, कारण त्यानंतर मी असलीच दोन नाणी न घेता परत ठेवली आहेत.

आता आपल्या रुपयांबद्दल, कारण बरेच जण त्यासाठीच वाचत असतील. आधी एक महत्त्वाचं. भारतात घरी असलेले जुने रुपये ग्रेडिंगला म्हणून अमेरिकेत आणू नका, पाठवूही नका. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं ही पुरावस्तू, ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. दोन राणीछाप रुपये आहेत, खिशातून सहज आणता येतील, असं लोक बोलतात तेव्हा मला खरंच काळजी वाटते. आमच्या वाईच्या घरातले सात बंदे रुपये देवघरातल्या डब्यात आहेत आणि तिथेच राहणार. मी पाठवले ते सगळे रुपये इथेच अमेरिकेत शोमध्ये आणि लिलावात घेतलेले.

त्यातला १९०१ चा राणीछाप, कलकत्ता टांकसाळीचा, मी एका डीलरच्या पेटीतून ६० डॉलरला घेतला होता. पांढराशुभ्र, झीज जवळजवळ नाही, मला वाटलं एयू ५५ तर नक्की. आला 'एयू डिटेल्स, क्लीन्ड'. डिटेल्स म्हणजे नंबर नाही, नाणं खरं आहे पण कोणीतरी साफ केलंय, आणि बाजारात अशा नाण्याचा भाव धाडकन पडतो. मला ते पटेना. क्लबमध्ये एक वयस्कर गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं नाणी बघतात, त्यांनी टेबललॅम्पच्या साध्या पिवळ्या बल्बखाली नाणं तिरपं धरून हळूहळू फिरवायला सांगितलं. न घासलेल्या, फारशी झीज नसलेल्या नाण्यावर प्रकाशाची पट्टी चाकाच्या आऱ्यासारखी गोल फिरते. माझ्या रुपयावर ती फिरतच नव्हती, राणीच्या गालावर आणि मागच्या सपाट जागेवर एकाच दिशेने शेकडो केसासारख्या रेघा. आणि मला एकदम वाईचं अंगण आठवलं, आजी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रांगोळी आणि लिंबू घेऊन बसायची आणि एकेक रुपया अंगठ्याने घासायची, आम्ही पुसून ताटात मांडायचो. अगदी त्याच रेघा! डिसेंबरमध्ये गेलो तेव्हा डब्यातले रुपये बल्बखाली धरून बघितले, सातच्या सात तसेच.

भारतातून पूर्वी कधी बाहेर पडलेले जे रुपये इथे फिरतात त्यातले कितीतरी असेच कुणाच्या तरी देव्हाऱ्यातून गेलेले असणार, नाहीतर गळ्यातल्या माळेतून, कारण कडेला डाग दिलेल्या कडीची खूण असलेलेही खूप दिसतात. बाजाराच्या हिशोबाने कंपनीचं बरोबरच आहे, घासलेलं नाणं आणि न घासलेलं नाणं एका भावाने विकलं जाऊ नये. पण त्यामुळेच न घासलेला, मूळ काळसर टोनिंग (चांदीवर काळाने चढलेला रंग) असलेला रुपया किती दुर्मिळ आहे हे मला पहिल्यांदा कळलं. तुमच्याकडे असा काळा पडलेला रुपया असेल तर हात जोडून सांगतो, त्याला टूथपेस्ट लावू नका, चिंच लावू नका, कापडानेही पुसू नका.

माझ्या संग्रहातली सगळ्यात आवडती जोडी म्हणजे एक मॉर्गन डॉलर आणि १९१८ चा पंचम जॉर्जचा मुंबईचा रुपया, मागे खाली कमळाखाली बारीक टिंब आहे तो. पहिल्या महायुद्धात भारतात चांदीची भयंकर टंचाई झाली, लोक नोटा घेऊन चांदीचे रुपये मागायला लागले, १९१७ मध्ये तर सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. मग १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले, त्यातल्या जवळजवळ २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटिशांना भारतासाठी विकली. मॉर्गनमध्ये २४ ग्रॅम शुद्ध चांदी, रुपयात १०.७, म्हणजे एका डॉलरमधून सव्वादोन रुपये. माझ्या या रुपयात नेमकी ती चांदी आहे असं कुणी सांगू शकत नाही, पण त्या वर्षांतल्या रुपयांत ती गेली हे नक्की, आणि दोन्ही नाणी शेजारी ठेवली की मला फार भारी वाटतं.

हे विषयांतर वाटेल पण ग्रेडिंगशी याचा थेट संबंध आहे. वितळवताना कुठल्या सालचे, कुठल्या टांकसाळीचे डॉलर गेले याची नोंदच कुणी ठेवली नाही. त्यामुळे मॉर्गनच्या बाबतीत किती पाडले हा आकडा बघून दुर्मिळता कळत नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा मॉर्गन अनेक वर्षं अति दुर्मिळ समजला जायचा, १९६२ मध्ये सरकारी तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. आज ग्रेडिंग कंपन्या प्रत्येक सालची किती नाणी कुठल्या ग्रेडची आली याची पॉप्युलेशन यादी देतात, निदान काहीतरी मोजमाप मिळतं. मला ही यादी नंबरापेक्षाही जास्त उपयोगी वाटते, प्रत्येक खरेदीच्या आधी मी ती उघडतो.

पण ती यादीही जशीच्या तशी खरी मानू नका, आणि इथे ते दोनदा गेलेलं नाणं येतं. माझा १८८१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन पहिल्यांदा एमएस ६३ आला. मला तो कमी वाटला. स्लॅब फोडला (टॉवेलमध्ये गुंडाळून, गॉगल लावून, फार जपून करावं लागतं), दुसऱ्या खेपेत तेच नाणं परत पाठवलं, एमएस ६४ आला. नाणं तेच, मधल्या काळात डबीतून बाहेर आलं आणि डबीत गेलं इतकंच. ग्रेड हे शेवटी दोन-तीन अनुभवी माणसांचं मत असतं, आणि मत एका अंकाने इकडेतिकडे होतं हे मला मान्य आहे, पण मग बाजार त्या एका अंकावर इतके पैसे का लावतो हे मला पटत नाही. शिवाय लोक असं पाच-पाच वेळा करतात आणि जुनं लेबल कंपनीला परत करत नाहीत, त्यामुळे एकच नाणं यादीत पाच दिसतं. मी माझं लेबल परत पाठवलं, तुम्हीही पाठवा. या नाण्यात ६३ आणि ६४ च्या भावातला फरक फीपेक्षा कमीच होता, म्हणजे पैसे गेले ते गेलेच.

तक्रारी. पहिल्या खेपेला सांगितलेल्या वेळेच्या दुपटीहून जास्त वेळ लागला आणि मधे काहीच कळवलं नाही, फोन केला की "क्यूमध्ये आहे" एवढंच. एका स्लॅबमध्ये आत पांढरा धागा राहिला होता, तो बदलून दिला पण जातानाचं टपाल माझ्या खिशातून. आणि भारतीय नाण्यांची लेबलं फार त्रोटक असतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८४० च्या रुपयात राणीभोवतीचा मजकूर सलग आणि तुटक असे दोन प्रकार आहेत, आपल्यासाठी तो मोठा फरक, लेबलवर पत्ताच नाही. व्हरायटी, म्हणजे हा प्रकार, लिहून हवी तर वेगळे पैसे भरा म्हणाले. हे मला चुकीचं वाटतं.

फायदा कुठे झाला तेही लिहितो. १९११ चा रुपया, ज्यात राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र सुधारलं, तो मी रॉ, म्हणजे स्लॅबशिवाय, घेतला होता, व्यवस्थित ग्रेड आला आणि विकला तेव्हा घेणाऱ्याने एक शब्द घासाघीस केली नाही. न बघता, फोटोवर, दुसऱ्या राज्यातल्या माणसाने पैसे पाठवले. हा विश्वास स्लॅबमुळेच मिळतो, मी कितीही प्रामाणिक असलो तरी नुसत्या माझ्या शब्दावर तो मिळाला नसता. घेताना मात्र लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं जुळवून बघाच, कारण आता स्लॅबही नकली येतात, आणि नंबर खऱ्या नाण्याचा चोरलेला असतो.

दुसऱ्या खेपेपासून मी प्रत्येक नाण्याचा ग्रेड आधी स्वतः वहीत लिहून ठेवतो आणि मग पाठवतो. पहिल्या खेपेत नुसते मनात धरलेले अंदाज दहापैकी तीन बरोबर आले होते, दुसऱ्या खेपेतल्या सहापैकी चार. १९१८ चा रुपया मी स्लॅबमधून बाहेर काढून साध्या कॅप्सूलमध्ये ठेवलाय, तो विकायचा नाही, आणि बल्बखाली हातात धरून फिरवता आला पाहिजे.

तिसऱ्या खेपेत एकच नाणं पाठवलंय, १८८४ चा सॅन फ्रान्सिस्कोचा मॉर्गन. हा वापरलेला असेल तर सहज मिळतो आणि न वापरलेला असेल तर प्रचंड महाग, त्यामुळे एयू आणि एमएस मधल्या सीमेवर भाव कित्येक पटींनी बदलतो, आणि म्हणूनच यावर फी भरणं मला योग्य वाटतं. लिबर्टीच्या कानावरच्या केसांत आणि गरुडाच्या छातीवर मला किंचित झीज दिसते, वहीत एयू ५५ लिहिलंय. काल रात्री साइटवर त्याचं स्टेटस 'रिसीव्ड'वरून 'ग्रेडिंग' झालंय.