नाशिकच्या कॉलेज रोडचा जर्मन क्लास: बाहेर जाणाऱ्या इंजिनिअरांनी लावाच

सातपूर-अंबडला जॉब करताय आणि युरोपात जायचंय तर हा क्लास बेस्ट आहे. ग्रामर बाकीच्यांसारखंच, पण मॅडम तिथल्या लोकांची मनं समजावतात ना, ते कुठेच मिळत नाही. अणुऊर्जेचंच बघा, फ्रान्समध्ये साधारण दोन तृतीयांश वीज अणुभट्ट्यांतून येते, शेजारी जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या आणि ऑस्ट्रियाने तर पूर्ण बांधून झालेला प्रकल्प १९७८ च्या सार्वमतानंतर सुरूच केला नाही!! मॅडमनी सांगितलं की चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर जर्मनीतल्या बव्हेरियात जो पाऊस पडला त्याचं किरणोत्सारी सिझियम तिथल्या जंगलातल्या मश्रूम आणि रानडुकरांत अजून सापडतं, मग त्या लोकांची भीती अडाणीपणाची कशी म्हणायची? माझं स्वतःचं मत अणुऊर्जेच्या बाजूनेच आहे, तारापूर १९६९ पासून चालू आहे आपलं, पण जैतापूरच्या मच्छीमारांचा विरोधही मला आता जास्त कळतो. तिकडे टीममध्ये काम करताना आधी ऐकून घ्यायची सवय लागते हे फार महत्त्वाचं वाटलं मला. बॅच मोठी असते, बोलायला कमी चान्स मिळतो, म्हणून एक स्टार कापला. वीकेंडला पार्किंगचे हाल आहेत, रिक्षाने जा.