कोथरूडमधील अग्निसुरक्षा तपासणी सेवा : तीन वर्षांचा अनुभव

कोथरूडमधील आमच्या अकरा मजली सोसायटीने तीन वर्षे एकाच परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षा यंत्रणेची देखभाल आणि तपासणी करून घेतली. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण मला दिसलेला दोष तिच्यापुरता नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे अशा संस्थेचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलै महिन्यात द्यावे लागते. म्हणजे शासनाच्या वतीने जी संस्था इमारत तपासते, तिचे बिल इमारतच भागवते.

सेवा वक्तशीर होती आणि पावत्या चोख होत्या. येणारे अभियंता आमच्या सेक्रेटरींच्याच कॉलेजचे निघाले आणि दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आरतीला सहकुटुंब आले. त्यानंतर तपासणी पंपाच्या खोलीतील दाबमापक पाहण्यापुरती आणि चहापुरती उरली. कोणी पैसे दिले नाहीत की मागितले नाहीत, हे मी खात्रीने लिहितो, कारण खजिनदार मीच होतो. ‘तुमच्या इमारतीची मला काळजीच नसते’ असे ते मनापासून म्हणत, आणि आम्हालाही ते ऐकून बरे वाटे.

गेल्या जुलैत ते रजेवर असल्याने दुसरा तंत्रज्ञ आला. त्याने गच्चीवरचा हायड्रंट (आग विझवण्याच्या पाण्याचा नळ) उघडला, तर पाणी आले नाही. पंपाचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होता आणि रायझरवरचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपवरचा, एक व्हॉल्व्ह गंजून अडकला होता. इतका गंज सहा महिन्यांत चढत नाही.

नियमन व्यवस्थेचे अभ्यासक याला ‘सांस्कृतिक कब्जा’ म्हणतात : ज्यांच्यावर देखरेख करायची तीच माणसे आपली वाटू लागली, त्यांच्यात ऊठबस वाढली, की लाच न घेताही नजर मवाळ होते. अमेरिकेत बोइंग ७३७ मॅक्सच्या प्रमाणीकरणाचे बरेचसे काम विमान नियामकाने बोइंगच्याच कर्मचाऱ्यांवर सोपवले होते. याच विमानांच्या २०१८ आणि २०१९ मधील दोन अपघातांत ३४६ माणसे मृत्युमुखी पडली.

देखभालीसाठी या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन, तपासणीसाठी एकच. आता प्रत्येक वेळी वेगळा तंत्रज्ञ पाठवावा आणि गच्चीवरचा पाण्याचा दाब दोन रहिवाशांसमोर नोंदवावा, असे आम्ही लेखी कळवले आहे. त्या अभियंत्यांना हे मी स्वतः भेटून सांगितले. त्यांना वाईट वाटले, आणि मलाही.