उजव्या आट्याचा पंखा

तीस वर्षं लेथवर आटे पाडणाऱ्या माणसाला उलटे आटे ओळखता आले नाहीत, हे लिहिताना लाज वाटते. पण माझ्यासारखे नादिष्ट आणखी आहेत, आणि मला फसवणारा माणूसही अजून धंद्यात आहे. म्हणून लिहितोय.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी एका कॉलेजच्या जुन्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक विमानाचं इंजिन निघालं. जिप्सी मेजर. टायगर मॉथ ह्या जुन्या विमानाला असायचं ते. चार सिलिंडर, ६.१ लिटर, १३० अश्वशक्ती, आणि सगळं वटवाघळासारखं उलटं लटकलेलं, म्हणजे क्रँकशाफ्ट वर, सिलिंडर खाली. १९३२ साली जेआरडी टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले, त्या पस मॉथ विमानाला जिप्सी थ्री इंजिन होतं. हे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. प्राचार्य म्हणाले, "मुलांना दाखवायला स्टँडवर उभं करून द्याल का?" मी मजुरीसुद्धा सांगितली नाही. नाद, दुसरं काय.

सहा महिन्यांत इंजिन उजळलं. नुसतं इंजिन मात्र बोडकं दिसत होतं. लाकडी प्रोपेलर, म्हणजे पुढचा पंखा, हवा होता. जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर मी विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी मेसेज आला. हवाई दलातून निवृत्त, मूळ गाव खटाव तालुक्यात, आता बंगळूरला स्थायिक. "जय हिंद साहेब. तुमच्या कामाची वस्तू माझ्याकडे आहे."

आमच्या सातारा-सांगलीकडं गावोगाव फौजी घरं. कुणी फौजी म्हणून ओळख दिली की आपण आधी चहा टाकतो, चौकशी नंतर. तो घाई करत नव्हता. उलट म्हणायचा, "साहेब, नीट विचार करा, पैसा कष्टाचा आहे." कॅन्टीन कार्डाचा फोटो न मागता पाठवला. खरं तर इथंच थांबायला हवं होतं. निवृत्त फौजी अनोळखी माणसाला स्वतःचं कार्ड कशाला पाठवेल?

आता मुख्य गोष्ट, ती जरा सावकाश सांगतो.

त्यानं प्रोपेलरचा एक सुंदर फोटो पाठवला. भिंतीला टेकवून उभा, पितळी पत्र्याची कड, गडद लाकूड. जिप्सी मेजर समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. म्हणजे पंख्याची फुगीर बाजू आपल्याकडे असेल, तर वरच्या पात्याची जाड कड उजव्या हाताला यायला हवी, कारण जाड कड पुढं धावते. लायकॉमिंग, कॉन्टिनेंटल ही अमेरिकन इंजिनं उलटी फिरतात, त्यांची जाड कड डावीकडं. फोटोत फुगीर बाजू समोर होती आणि जाड कड डावीकडं. मला ते दिसलं. शपथेवर सांगतो, दिसलं. आणि मीच मनाशी म्हणालो, सेल्फीच्या कॅमेऱ्यानं काढला असेल, म्हणून आरशासारखा उलटा आलाय.

त्याला थाप मारावी लागलीच नाही. मीच त्याच्या वतीनं मारली आणि मीच पटवून घेतली.

त्याच फोटोत मागं भिंतीवर कालनिर्णय होतं. तारखा सरळ वाचता येत होत्या. फोटो उलटा असता तर आकडेही उलटे दिसले असते. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पंखा घरी येऊन चार दिवस झाले होते.

९५ हजार सांगितले, ७२ हजारांवर जमलं. "पुण्याचा एक संग्राहक रविवारी गाडी घेऊन येतोय" हे ऐकलं आणि त्याच रात्री २० हजार पाठवले. यूपीआयवर नाव भलतंच आलं. विचारलं तर म्हणाला, "मेहुण्याचं खातं, माझं पेन्शनचं आहे." उरलेले ५२ हजार ट्रान्सपोर्टची पावती आल्यावर दिले. मेहुणा ह्या नात्यावर एवढा विश्वास मी माझ्या लग्नातसुद्धा ठेवला नव्हता.

खोकं आलं. पंखा इंजिनाच्या तोंडाला धरला आणि पोटात गोळा आला. पंख्याचं पातं आणि बोल्टचा आटा, गणित एकच. उजव्या आट्याचा बोल्ट उलटा धरला म्हणून डाव्या आट्याचा होत नाही. पंखाही कसा फिरवून लावा, तो उजवाच, आणि जिप्सीला डावा लागतो. ह्या इंजिनावर चढवून विमानाला लावला असता तर विमान मागं ढकललं गेलं असतं.

तरी मन मानेना. लाकूड तरी जुनं असेल, दुसऱ्या कुठल्या विमानाचा असेल. म्हणून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत ओळखीच्या चाचांकडं घेऊन गेलो. ज्यांनी जन्मभर तुनाच्या लाकडाची तंबोऱ्याची दांडी घडवली, त्यांना लाकडाचं वय सांगावं लागत नाही. चाचांनी बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं, बोल्टच्या भोकात नख घातलं, आतला भुसा हुंगला. म्हणाले, "हे कवळं हाय. पॉलिश लावून म्हातारं केलंय." मग भिंग घेऊन जोड बघितले. खरा प्रोपेलर महोगनी किंवा अक्रोडाच्या फळ्या एकावर एक चिकटवून घडवतात. इथं एकच ओंडका, आणि वरून शिसपेन्सिलीनं फळ्यांच्या रेघा आखून त्यावर पॉलिश. खरोखर चाललेल्या पंख्याच्या मध्यावर हबची लोखंडी चकती आवळून गोल व्रण उठतो, भोकांत तेल मुरतं. ह्याच्या भोकांत ड्रिलची ताजी कुसळं होती. घर सजवायला म्हणून असे पंखे तयार मिळतात. तसाच एक घेऊन त्यावर आकडे ठोकले होते, बस.

सोबत एका फ्लाइंग क्लबच्या लेटरहेडवर 'दाखला' होता, तारीख १९६६ ची. पिवळट कागद, शिक्का, सही, सगळं. पत्त्यात सहा आकडी पिन कोड. पिन कोड आपल्याकडं १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, तोही श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या मराठी माणसानं बसवलेला. १९६६ चा कागद 'बंगलोर-१' असं काहीतरी म्हणाला असता. कागद चहात बुडवून पिवळा करता येतो, पण पत्ता लिहिणाऱ्याला इतिहास ठाऊक असावा लागतो.

खरा सरकारी माल एमएसटीसी ह्या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून निघतो. घेणाऱ्याकडं लॉट नंबर, डिलिव्हरी ऑर्डर, गेट पास असतो. पुढं दहा हात बदलले तरी पहिल्या हाताची झेरॉक्स मागता येते. मी मागितली नाही, कारण फौजी माणसाकडं कागद मागणं मला बरं वाटलं नाही.

आता ह्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. खोक्यात एक अल्टिमीटर, म्हणजे विमानाची उंची दाखवणारा मीटर, 'भेट' म्हणून होता. काळी डबी, तपकिरी पडलेले आकडे. माझ्याकडचा पोरगा काच उघडून ब्रशनं आकडे घासायला बसला होता. कॉलेजचे फिजिक्सचे सर योगायोगानं आले आणि ओरडलेच. लॅबमधला किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर आणून जवळ धरला, तर टिकटिक नव्हे, चक्क तडतड. जुन्या डायलवर अंधारात चमकायला रेडियमचा रंग देत. चमक काही वर्षांत जाते, कारण त्यातलं झिंक सल्फाइड थकतं. रेडियम २२६ चं अर्धायुष्य मात्र १६०० वर्षं. डबी बंद असेल तर फार काही नाही. धूळ नाकातोंडात गेली की वाईट. दिल्लीत मायापुरीच्या भंगारात २०१० साली किरणोत्सर्गी कोबाल्ट ६० आलं आणि एक जण दगावला, ती गोष्ट निराळी, पण भंगारवाल्याला कुठं माहीत असतं! डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेबल ओल्या फडक्यानं पुसून, सरांनी अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहिलं आहे. त्या माणसानं विकलेली वस्तू खोटी निघाली आणि फुकट दिलेली खरी.

आमचं इंजिन उडणार नव्हतं, हे नशीब. १९८९ मध्ये नॉर्वेहून हॅम्बुर्गला निघालेलं एक कॉन्व्हेअर विमान समुद्रात कोसळलं, ५५ माणसं गेली. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणारे बोल्ट बनावट होते.

सायबर पोलिसांत तक्रार दिली. १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला फोन पैसे गेल्यावर ताबडतोब करायचा असतो, तर खातं गोठवता येतं. मी १९ दिवसांनी केला. तोवर खात्यात ११० रुपये होते. बायकोचा भाऊ विट्याचा गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा, गुंजभर सोनंसुद्धा कस लावल्याशिवाय घेत नाही. तो एवढंच म्हणाला, "दाजी, मांडूळ आणि तांदूळ ओढणाऱ्या जादूच्या भांड्याला, त्या राइस पुलरला, फसणाऱ्यांना तुम्हीच हसत होता ना?"

मागच्या आठवड्यात कराडच्या एका मित्रानं एक जाहिरात पाठवली आणि विचारलं, घेऊ का? तीच भिंत, तेच कालनिर्णय, फक्त पान उलटलेलं. पंखा नवा होता. वरच्या पात्याची जाड कड डावीकडं. मी मित्राला मेसेज केला नाही, सरळ फोन लावला.